प्रतिप्रश्नाविना प्रवचन

१/ पहाटे रेडिओ लावावा. तंबोरा लागतो, अभंग होतो आणि एक संथ, सद्गदित आवाज सांगू लागतो की विज्ञान जेथे संपते तेथे अध्यात्म सुरू होते. विज्ञान नेमके कोठे संपले, हे विचारण्याआधीच हवामानाचा अंदाज सुरू होतो. या एकतर्फी चिंतनाकडे कोल्हापूरच्या इतिहासातून पाहू. #थ्रेड

२/ १८९९ च्या सुमारास शाहू महाराज कार्तिकस्नानासाठी पंचगंगेवर गेले. सोबत राजारामशास्त्री भागवत होते. भटजी म्हणत असलेले मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, हे शास्त्रीबोवांनी लक्षात आणून दिले. महाराजांनी जाब विचारला. शूद्रांना पुराणोक्तच, असे उत्तर आले.

३/ भटजी समोर उभे होते, म्हणून त्यांना उत्तर द्यावे लागले. त्या एका उत्तरातून वेदोक्त प्रकरण पेटले, राजोपाध्यांची वतने गेली आणि १९२० मध्ये कोल्हापुरात क्षात्रजगद्गुरूंचे पीठ उभे राहिले. तेच मंत्र रेडिओवरून आले असते, तर छत्रपतींनाही केवळ आवाज कमी करण्याचाच अधिकार उरला असता.

४/ महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ (१८७३) संवादरूपात आहे: धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज स्थापन झाला. सत्यशोधकी जलशांनी पुराणिकांची थट्टा गावोगावच्या चावडीवर नेली. पुराणाला उत्तर जलशातून मिळे; श्रोते दोन्ही ऐकत.

५/ २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि वक्त्याला श्रोत्यापासून अभय मिळाले. कीर्तनकाराला समोरच्यांच्या जांभया तरी दिसत. मायक्रोफोनला डोळे नसतात. तेथे शंकासमाधान होते ते असे, की शंका बुवांचीच आणि समाधानही बुवांचेच.

६/ अशा चिंतनाचा एक लाडका विषय म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या सुमारास मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात येतात. ‘विज्ञानही येथे नतमस्तक होते,’ असे बुवा सांगतात. विज्ञानाला मात्र कोणी विचारलेले नसते.

७/ मंदिर पश्चिमाभिमुख आहे. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाशी असतो. नोव्हेंबरची तारीख त्याच्या सुमारे ४१ दिवस आधी, फेब्रुवारीची तितकीच नंतर. दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर जवळजवळ त्याच जागी मावळतो. एवढेच रहस्य. पण ते दगडात अचूक उतरवणाऱ्या पाथरवटाची बुद्धी थोर होती. चमत्कार म्हणताच त्याचे श्रेय जाते.

८/ किरणे कधी पोहोचत नाहीत, त्यामागे ढग असतात, हवेतली धूळ आणि बाष्प असते, वाटेत वाढलेली बांधकामे असतात. कलियुगाला दोष देण्यासाठी दहा मिनिटांचे चिंतन पुरते. बांधकाम हटवण्यासाठी मोजणी करावी लागते.

९/ धर्मांवर वा समाजांवर हल्ला करणारे प्रसारण नको, असा आकाशवाणीच्या संहितेचा नियम आहे. द्वेष रोखायला तो हवाच. अडचण अशी, की दावा केला तर तो संस्कार ठरतो आणि त्यावर पुरावा मागितला तर तो हल्ला! राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य आहे. ते पहाटे सहाला स्थगित होते काय?

१०/ १९४८ मध्ये बीबीसीने बर्ट्रांड रसेल आणि पाद्री कोपल्स्टन यांचा ईश्वराच्या अस्तित्वावरचा वाद ऐकवला. १९५५ मध्ये मार्गारेट नाइट यांनी तेथेच धर्माविना नीती यावर भाषणे दिली. वृत्तपत्रांनी गहजब केला. तरीही इंग्लंडची चर्चे जागच्या जागी राहिली.

११/ ‘शिवाजी कोण होता?’ असा पुस्तकाच्या नावातच प्रश्न ठेवणाऱ्या गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. विचारण्याची किंमत कोल्हापूरला कोणी शिकवायला नको.

१२/ म्हणून मागणी प्रवचन बंद करण्याची नाही. बुवांनी खुशाल बोलावे. त्यानंतरची दहा मिनिटे फक्त धोंडिबाला द्यावीत. सत्य सनातन असेल, तर एका प्रश्नाने त्याला काय होणार आहे?