अठ्ठेचाळीस मतांचा हिशेब

संध्याकाळच्या विरार लोकलच्या एका दारापाशी अठ्ठेचाळीस माणसे सहज मावतात. अंधेरीला उतरू न शकल्याने बोरिवलीपर्यंत गेलेली माणसे याची साक्ष देतील. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल एवढ्याच माणसांनी ठरवला. रवींद्र वायकर यांना 4,52,644 मते मिळाली आणि अमोल कीर्तिकर यांना 4,52,596.

दोघेही शिवसैनिक, पण सेना दोन. वायकर मार्चमध्येच ठाकऱ्यांकडून शिंद्यांकडे गेलेले. अमोल ठाकऱ्यांकडे, त्यांचे वडील गजानन कीर्तिकर, या मतदारसंघाचे मावळते खासदार, शिंद्यांकडे. जोगेश्वरी-गोरेगावच्या कित्येक घरांत असेच झाले होते. वर्षानुवर्षे एकाच शाखेत बसलेले भाऊ जेवताना राजकारणाचा विषय टाळू लागले होते.

4 जूनला गोरेगावच्या नेस्को केंद्रात मतमोजणी झाली, तेव्हा यंत्रांतील मतांत कीर्तिकर एका मताने पुढे होते. एका! मग टपाली मते आली : वायकरांना 1,550, कीर्तिकरांना 1,501. ही मते निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, सैनिक आणि घरून मतदान करणाऱ्या पंच्याऐंशीच्या पुढच्या वृद्धांची असतात. सोबतच्या घोषणापत्रावर सही राहिली वा साक्षांकन चुकले की मत बाद होते. बाद मतांची संख्या मताधिक्यापेक्षा जास्त असली तर ती पुन्हा तपासावी लागतात. त्याप्रमाणे 111 बाद मते पुन्हा पाहिली गेली आणि निकाल तोच राहिला.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. संगणक येण्यापूर्वी खातेवह्यांचा मेळ घालताना एक रुपयाचा फरक आला तरी आम्ही रात्री थांबत असू. नवी पोरे म्हणत, मी खिशातून भरतो, घरी जाऊ द्या. त्यांना सांगावे लागे की एक रुपयाचा फरक म्हणजे एक रुपयाचीच चूक असे नव्हे. पाच हजारांची एक आणि चार हजार नऊशे नव्व्याण्णवांची दुसरी, अशा उलटसुलट चुकाही त्यामागे दडलेल्या असतील. म्हणूनच फरक जितका लहान, तितका कागद चोख हवा. फेरमोजणी मागितली होती, असे हरलेला म्हणतो. अर्ज वेळेत आला नाही, असे अधिकारी म्हणतात. अशा वेळी संशयाला रान मोकळे मिळते. मोबाईलवर संकेतांक येऊन मतदानयंत्र उघडते, ही वार्ताही तेव्हा पसरली. यंत्राला बाहेरची जोडणीच नसते, असा निवडणूक अधिकाऱ्यांनी खुलासा केला आणि बातमी देणाऱ्या वृत्तपत्राने दिलगिरी व्यक्त केली. पण अफवेच्या मागून निघालेला खुलासा नेहमी पुढची गाडी पकडतो.

कीर्तिकरांच्या याचिकेतला 333 प्रदत्त मतांचा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. आपण केंद्रावर जावे आणि आपल्या नावावर कुणीतरी आधीच मत देऊन गेलेले असावे! अशा मतदाराला कागदी मतपत्रिका मिळते, ती पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. आवश्यक तथ्ये पुरेशी मांडलेली नाहीत, या कारणाने मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये याचिका फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने ते ठीकच. पण स्वतःची ओळख पटवूनही जो बंद पाकिटात गेला, त्या माणसाचे काय, हे मनात राहतेच.

आणि जे गेलेच नाहीत? मतदान 20 मे रोजी, सोमवारी होते. रविवारला जोडून सुट्टी, वर उकाडा, कित्येक केंद्रांवर संथ रांगा. सतरा लाखांवर मतदारांपैकी साडेसात लाखांहून अधिक घरीच राहिले, नाहीतर गावी गेले. ज्यांना कोणीच पसंत नव्हते, अशा पंधरा हजारांवर लोकांनी मात्र उन्हात उभे राहून ‘नोटा’चे बटण दाबले. घरी बसलेल्यांपेक्षा मी त्यांना जास्त मानतो.

देशात यापूर्वी 1989 मध्ये अनकापल्लीत आणि 1998 मध्ये राजमहलमध्ये अवघ्या 9 मतांनी खासदार निवडून आले आहेत. मते अगदी समान पडली तर कायद्यात चिठ्ठीची तरतूद आहे. नेस्कोत ती वेळ येण्यास थोडकेच राहिले होते.

सहा महिन्यांच्या आत विधानसभेची निवडणूक आली. वायकरांच्या स्वतःच्या जोगेश्वरी पूर्वेत त्यांच्या पत्नी मनीषा वायकर उभ्या होत्या. ठाकऱ्यांचे अनंत नर यांनी त्यांना 1,541 मतांनी हरवले. जूनच्या मानाने हे मताधिक्य अगदी ऐसपैस.