चोखोबाची पायरी आणि तेजाची घागर

आषाढी जवळ आली असतां आमच्या चौथीच्या वर्गांतील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, चोखोबा एवढा मोठा संत, मग त्याची समाधि देवळाबाहेर कां?" आम्हांस खडू खालीं ठेवावा लागला.

चोखोबा मंगळवेढ्याच्या गांवकुसाच्या कामावर असतां १३३८ सालीं कूस ढांसळून मेला. वेठीचें ओझें वाहतांना त्यानें विठोबाला हांक मारली, ती कोणाची परवानगी काढून नव्हे. हें अध्यात्म, त्यास दार लागत नाहीं, दक्षिणाही लागत नाहीं.

धर्मसंस्था निराळी. बडव्या-उत्पातांचे पिढीजात हक्क, पाळ्या, उत्पन्नाच्या वाटण्या ही संस्था. पण दिंड्या, फड, चोपदार हीही संस्थाच, आणि तिच्यावांचून लाखों माणसें पंढरीस कशीं पोंचणार? संस्था बिघडते तशी सुधारतांही येते. १९७३ च्या कायद्यानें ते हक्क काढले, २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. विठोबा विटेवरून हललेला नाहीं.

धर्मवेड हें तिसरेंच. साने गुरुजींनीं १९४७ च्या मे महिन्यांत दहा दिवस उपोषण केलें, तेव्हां अस्पृश्य मानलेल्यांस मंदिर खुलें झालें. त्यावर कांहीं सनातन्यांनीं मूर्तींतील तेज मंत्रानें घागरींत काढून घेतलें म्हणे, आणि घागर पूजिली! देव घागरींत कोंडूं, पण शिवूं देणार नाहीं. बडव्यास बोल लावला कीं विठोबास लागला, अशी ओरड हेच लोक करतात. आमच्यांतील कांहीं जहाल मित्रही तीच गल्लत करून धर्मवेड्यांबरोबर चोखोबालाही टाकावयास निघतात.

आणि साने गुरुजी जन्मानें ब्राह्मण होते, हें आम्हां ब्राह्मणेतरांनीं विसरूं नये. कारण घागर आमच्याही घरांत आहे. गेल्या श्रावणांत आमच्या गांवच्या सप्त्यांत विण्याचा पहारा मागणाऱ्या एका माळकऱ्यास, जात पाहून, "पुढच्या वर्षीं बघूं" असें सांगण्यांत आलें. सांगणारे पंच सारे बहुजन समाजाचेच. एकही भटजी तेथें नव्हता. आम्हीं तेथें होतों आणि गप्प बसलों.

प्रश्न विचारणारा मुलगा त्याच माळकऱ्याचा. यंदाच्या पहाऱ्यांची यादी लिहिण्याचें काम पंचांनीं आमच्याकडे दिलें आहे. पहिल्या रात्रीच्या पहाऱ्यावर त्याच्या बापाचें नांव आम्हीं लिहिलें आहे. रविवारीं यादी पंचांपुढें वाचावयाची आहे.