भुतांच्या गाण्यांचें भय

फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणास जमणाऱ्या वारकऱ्यांपैकीं कोणासहि नाथांच्या भारुडांत भूत आहे म्हणून भय वाटत नाहीं. मात्र त्याच गांवचा सुशिक्षित गृहस्थ आपल्या मुलानें 'हेवी मेटल' नामक पाश्चात्य संगीत लावलें कीं, 'ही सैतानाची उपासना!' म्हणून त्याचा मोबाइल काढून घेतो. हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

एकनाथांनीं सोळाव्या शतकांत भूत, विंचू, जोगवा, गोंधळ हीं लोकांच्या भयाचीं व भक्तीचींच रूपें घेऊन त्यांत वेदान्त ओतला. बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ'नें १९७० सालीं पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत काळी आकृति उभी केली खरी. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेंत युद्ध पेटविणाऱ्या सेनापतींस चेटकिणींच्या पंक्तीस बसविलें. मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन'नें तर २०१७ सालीं विष्णूच्या दशावतारांवरच ध्वनिमुद्रिका काढली. नांव असुराचें, आख्यान विष्णूचें!

कोणी म्हणेल, नाथ कोठें आणि हा गोंगाट कोठें? योग्यतेची तुलना आम्ही करीत नाहीं. नाथांचें भूत श्रोत्यास विवेकापर्यंत पोंचवितें. या गीतांतील पुष्कळ भुतें नुसतीं शोभेचीं आहेत, हें आम्हांस कबूल आहे. पण तो दोष कवित्वाचा, पापाचा नव्हे.

खरें भय गाण्यांतल्या भुताचें नसून, भूत उतरवितों म्हणून पैसे उकळणाऱ्या मांत्रिकाचें आहे. त्याच्यासाठींच महाराष्ट्रास २०१३ सालीं कायदा करावा लागला. पित्यानें गाणें बंद करण्यापूर्वीं मुलाजवळ बसून त्याचा अर्थ तरी विचारावा. भारुडाचा अर्थ लावावयास शिकलेल्या गांवास हें जड जाऊं नये.