हलकं म्हणता ते कोणतं गाणं?

लंडनच्या जाणकार रसिकांपुढे बाल्कन संगीताचा विषय काढला की एक निवाडा हमखास ऐकायला मिळतो. बल्गेरियन बायकांचं समूहगान म्हणजे अस्सल लोकसंगीत. तिथलंच पॉप वळणाचं 'चाल्गा' किंवा सर्बियाचं तसलंच 'टर्बोफोक' म्हणजे त्याची बाजारू नासाडी.

आधी हा 'अस्सल'पणा तपासू. 1986 मध्ये लंडनच्या फोर-एडी कंपनीने ज्या समूहगानाची तबकडी पुन्हा काढली, ज्या गायकीने भुरळ पडून ब्रिटिश गायिका केट बुशने 1989 च्या अल्बममध्ये त्रिओ बल्गार्काच्या तिघींना गायला लावलं, ती काही शेतातून जशीच्या तशी उचललेली नव्हती. बल्गेरियन संगीतकार फिलिप कुतेव्हने 1951 मध्ये सरकारी पथक उभारलं, खेड्यांतून आवाज वेचले आणि लोकगीतांना रंगमंचासाठी बहुस्वरी साज चढवला. मला ते गाणं आवडतंच. पण सरकारी संगीतकाराने घडवलेलं ते शुद्ध आणि लग्नाच्या मांडवात घडलेलं ते भेसळ, हा कुठला न्याय?

चाल्गाचं एक मूळ त्या मांडवातच आहे. वरातीत वाजवणारा क्लॅरिनेटवादक इव्हो पापाझोव्ह याच्यावर कम्युनिस्ट राजवटीची खप्पामर्जी होती; तुर्की-रोमा वळणाचं वाजवतो म्हणून त्याला तुरुंगही पाहावा लागला. त्याच पापाझोव्हला 2005 मध्ये बीबीसी रेडिओ 3 चा श्रोत्यांचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे यमुनाबाई वाईकरांना 2012 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा लावणीला नाकं मुरडणारेही 'वारसा' म्हणू लागलेच की.

दुसरा आक्षेप चोरीचा. चाली तुर्की-ग्रीक गाण्यांवरून उचलतात, अगदी ढळढळीत. पण अदेला पेएव्हाचा 2003 चा माहितीपट पाहा: एकाच चालीवर इस्तंबूलपासून सारायेव्होपर्यंत जो तो 'आमची' म्हणून हक्क सांगतो. कोणी कोणाची चोरली, हे ठरवणार कोण?

शब्दांचं मात्र मान्य. पुष्कळ गाणी पैसा, गाडी आणि देह यांतच घुटमळतात. टर्बोफोकला सर्बियाचा नेता मिलोशेविच याच्या काळातल्या राष्ट्रवादाचा दर्प आहे, हेही खोटं नाही. तरी ज्यांच्याशी सर्बांचं युद्ध झालं त्या झाग्रेब-सारायेव्होतही ही गाणी वाजतात, त्याचं काय करायचं?

ती तिथेही का वाजतात, याचं उत्तर नादात आहे. मॅसेडोनियाच्या कितीतरी प्रेमगीतांचा ठेका सात मात्रांचा, 3-2-2; आपल्या रूपकाची हीच विभागणी. पहिलं पाऊल लांब पडतं, मागची दोन लगबगीने येतात. राचेनित्सा या बल्गेरियन नाचात ते उलटतं, 2-2-3, आणि लय चढते. कुचेक नाचाच्या नऊ मात्रांत शेवटची ढांग लांबते. गायिका ओळीच्या टोकाला मुरक्या घेते, क्लॅरिनेट तीच हरकत उचलून तिला परत करतं. सिंथेसायझर आला, तरी हा हिशेब मोडला नाही. विरहाचं गाऱ्हाणं इथे कुजबुजत नाहीत, भर चौकात मांडतात. सभ्य कानांना खुपतं ते बहुधा हेच.

आता पुन्हा लंडनकडे वळू. 1 जानेवारी 2014 ला ब्रिटनने बल्गेरियन-रोमानियन कामगारांवरची बंधनं उठवली. दिवसभर बांधकामावर राबलेल्या त्यांच्यातल्या एखाद्याला शुक्रवारी रात्री हे गाणं लावायला, 1987 साली इस्लिंग्टनच्या पबमध्ये बसून रेकॉर्डवाल्यांनी ठरवलेल्या, दुकानातल्या 'वर्ल्ड म्युझिक'च्या खणात शोधावं लागत नाही.