एका पेनीवरील तीन शब्द

नाणें जितकें स्वच्छ तितकें तें मोलाचें, असें नाणीं जमविणारे समजतात. परंतु लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें १९०३ सालची कांशाची एक पेनी आहे. ती बिघडविलेली आहे म्हणूनच अमोल ठरली आहे. राजा सातवा एडवर्ड यांच्या मुखावर कोणीं तरी अक्षरें ठोकून ‘स्त्रियांना मतें द्या’ अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द उमटविले आहेत. नाणें विद्रूप करणें हा गुन्हा होता. पण पेनी गरिबाच्याही हातीं खेळणारी, तेव्हां मागणें दूरवर पोंचविण्यास तिच्यासारखा दूत कोठें मिळणार?

त्या चळवळीचीं आणखीही चिन्हें जपलेलीं आहेत. १९०९ सालीं तुरुंगवास भोगून आलेल्या स्त्रियांस एक बिल्ला मिळूं लागला. सिल्व्हिया पँखर्स्ट यांनीं तो योजिला होता. पार्लमेंटचें चिन्ह असलेलें जाळीचें दार, आणि त्यावर कैद्यांच्या कपड्यांवर असे तो बाण! जी खूण लाजेची, तीच त्यांनीं अलंकार म्हणून मिरविली. तुरुंगांत अन्नत्याग करणारींस त्याच सालापासून रुप्याचें पदक देत. त्यावर ‘शौर्याबद्दल’ असे शब्द कोरीत.

कोणी विचारतील, यांतील कित्येकींनीं खिडक्यांच्या कांचा फोडल्या. मुलांनीं तेंच शिकावें काय? आमचें म्हणणें तसें मुळींच नाहीं. कायदा न मोडतां झगडणाऱ्या स्त्रियांची संख्या तेथें फार मोठी होती. मार्ग कोणताही असो, हक्क फुकट मिळाला नाहीं, एवढेंच या वस्तु सांगतात. १९१८ सालीं तीस वर्षांवरील कांहीं स्त्रियांस मत मिळालें; पुरुषांची बरोबरी होण्यास १९२८ साल उजाडावें लागलें.

आपल्या मुंबई इलाख्यांत १९२१ सालीं मालमत्तेच्या अटीवर स्त्रियांस मताधिकार मिळाला, आणि १९५० च्या राज्यघटनेनें तो सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांस सारखाच दिला. आतां तो अठराव्या वर्षीं आपोआप येतो, म्हणूनच कीं काय, मतदानाचा दिवस पुष्कळांस केवळ सुटीचा वाटतो. हें आम्हांस खेदाचें वाटतें.

विद्यार्थिमित्रहो, पदकें सर्वांच्या घरीं नसतात. पण आजी असेल तर तिला विचारा, ‘आजी, तूं पहिलें मत केव्हां दिलेंस?’ ती सांगेल तें वहींत लिहून ठेवा. आणि वडील मंडळींस आमची विनंती कीं, पुढच्या मतदानास जातांना मुलांस त्याचें मोल समजावून सांगावें.