शिरपूरच्या पालकांना जाहीर आवाहन : यादी आधी तपासा, पैसे नंतर मोजा

शिरपुरात या आठवड्यात एक यादी मोबाइलवरून मोबाइलवर फिरते आहे. दुसरीतल्या मुलासाठी डझनावारी वह्या, ठरावीक कंपनीचे रंग, ठरावीक रंगाची बाटली, दोन प्रकारचे बूट, आणि सगळ्यात खाली एका दुकानाचे नाव. पुढे सूचना : साहित्य येथूनच घ्यावे. शाळा कोणती, हे इथे सांगण्याची गरज नाही. अशा याद्या एकाच शाळेतून निघतात असेही नाही. शहरातल्या पालकांच्या गटाने ती यादी वाचली आणि त्याच रात्री हे आवाहन लिहायला घेतले.

यादी हाती पडली तीही नेमकी मृगाच्या तोंडावर. बीटी कपाशीच्या एका पाकिटाचा कमाल दर २०२५ साली ९०१ रुपये होता. एकरी दोन पाकिटे धरा, वर खत, नांगरटीचे भाडे, निंदणीची मजुरी. सोसायटीचे कर्ज अजून खात्यावर आलेले नसते आणि त्याच पंधरवड्यात शाळेचा खर्च दारात उभा. करवंद नाक्यावर एका बापाने विचारलेच, “आते पेरनी करूत का दप्तर लेऊत?” त्याला उत्तर द्यायला यादीवर सही करणारे कुणी तिथे नव्हते.

आता नियम काय आहे ते नीट वाचावे. शालेय साहित्य शाळेतून किंवा अमुक एका दुकानातूनच घेण्याची सक्ती करता येत नाही, असा शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय ११ जून २००४ रोजी निघाला. त्या वर्षी जन्मलेली मुले आता मतदान करतात, आणि त्यांचे आईबाप धाकट्या भावंडांसाठी अजून त्याच एका दुकानासमोर रांग लावतात. नाले खोल-रुंद करून पाणी जिरवणारा ‘शिरपूर पॅटर्न’ याच तालुक्याने राज्याला दाखवला. इथलाच पालक शाळेच्या फाटकात मान खाली घालून उभा राहतो, हे गटाला पटत नाही.

खासगी शाळांना बोलून सरकारला सोडायचे, असेही नको. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणत कापड वरून आणि शिलाई बचत गटांकडून, असा घाट घातला गेला. जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या कितीतरी शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश पोचले नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. मधले वर्ष मुलांचे गेले. पाठ्यपुस्तकांचे तसेच. २०२३-२४ पासून पुस्तकातच कोरी पाने घातली, म्हणजे वह्या कमी लागतील असे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये ती पाने रद्द झाली आणि वह्यांचा खर्च परत घरावर आला. उन्हाचेही असेच. २०२५ मध्ये विदर्भातल्या शाळा २३ जूनला उघडल्या, खानदेशातल्या १६ जूनलाच. आपल्याकडचे ऊन काय सावलीत वाढते?

आता दप्तर. राष्ट्रीय दप्तर धोरण २०२० सांगते की दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. महाराष्ट्राने तर २०१५ मध्येच शासन निर्णय काढून हेच बजावले होते. वीस किलोच्या मुलाला दोन किलो, हिशेब सरळ आहे. गटाने मागच्या वर्षी एका किराणा दुकानाच्या काट्यावर दुसरीच्या मुलीचे दप्तर ठेवले. रिकामे दप्तरच जाड चाकांचे आणि पत्र्याच्या दांड्याचे, त्यात भरलेली लिटरची बाटली, दोन मजली डबा, कंपास, आणि त्या दिवशी तास नसलेल्या तीन विषयांच्या वह्या. दुकानदारानेच काटा पाहून दप्तर उतरवून घेतले. मुलीची आई म्हणाली, “टीचर रागावतात, म्हणून सगळंच भरते.”

काही जण म्हणतात, चांगली शाळा हवी तर खर्च करावाच लागतो. खर्च शिकवण्यावर होतो की बाटलीच्या रंगावर, हे त्यांनी एकदा बघावे. काही म्हणतात, विचारले तर मुलाकडे डोळे वटारले जातील. एकट्याने विचारले तर होईलही. वीस जणांनी मिळून लेखी विचारले तर कुणाकुणाकडे वटारणार? ‘आम्हाला वेळ नाही’ हे मात्र खरे आहे. सूतगिरणीतून रात्रपाळी करून आलेल्या माणसाला किंवा दिवसभर निंदून घरी आलेल्या बाईला तयारीच्या नावाखाली आणखी एक काम नको असते. म्हणूनच खालची कामे मोजकी ठेवली आहेत. आणि ती सगळी आईच्या गळ्यात टाकू नयेत. गणवेशाला बटण लावणे हे काही बाईच्याच हातचे काम नाही.

१. दुकानात जाण्याआधी घरातले कपाट उघडावे. गेल्या वर्षीच्या वह्यांची कोरी पाने फाडून, शिवून कच्ची वही करावी. दप्तराची चेन तुटली असेल तर चेन बदलावी, दप्तर नव्हे.

२. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शासकीय, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. पहिल्याच दिवशी मागावीत.

३. दाखल्यांची कामे शाळा उघडण्याची वाट पाहत लांबवू नयेत. उत्पन्न आणि जातीच्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला मार्च २०२५ पासून पाचशेच्या स्टॅम्प पेपरची गरज राहिलेली नाही, साध्या कागदावर स्वयंसाक्षांकित चालते. वयाचा पुरावा नाही म्हणून शिक्षण हक्क कायद्याखाली प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, हेही कारण चालत नाही.

४. एसटीचा पास. बारावीपर्यंतच्या मुलींना तो मोफत आहे, मुलांना ६६ टक्क्यांहून जास्त सवलत आहे. २०२४ पासून एसटी महामंडळाने पास शाळेतच देण्याची मोहीम घेतली आहे. मुख्याध्यापकांनी यादी आगाराला पाठवली का, एवढे विचारावे.

५. महामार्गाकाठच्या गावांनी थांब्याकडे लक्ष द्यावे. ४ जुलै २०२३ रोजी पळासनेरला भरधाव कंटेनर हॉटेलात घुसला आणि किमान १० जणांचा जीव गेला. त्यात बसची वाट पाहणारेही होते. मुले डांबराच्या कडेला उभी राहू नयेत. रिक्षा किंवा व्हॅन लावली असेल तर चालकाचे नाव, नंबर आणि तो किती मुले बसवतो, हे पालकाला ठाऊक असलेच पाहिजे.

६. शाळा उघडायच्या आठ दिवस आधीपासून मुलांना रोज थोडे लवकर झोपवावे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा शासन निर्णय ८ फेब्रुवारी २०२४ चा आहे. शाळा त्याआधी भरत असेल तर कारण विचारावे.

७. डब्याचा बाऊ करू नये. रात्रीची भाकरी कुस्करून कांदा-लसणाची फोडणी दिली, वर शेंगदाणे टाकले की डबा झाला. कार्टूनच्या आकाराची पोळी कुणी मागितलेली नाही.

८. पुढच्या पालकसभेला प्रत्येक घरातून एकाने जावेच. शुल्क नियमन कायद्याने खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ बंधनकारक आहे आणि त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते. शासकीय आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. खुर्च्या आपल्या आहेत, त्या रिकाम्या ठेवून नंतर कट्ट्यावर कुरकुरू नये.

गटाचे कार्यकर्ते कुणी पगारी नाहीत. त्यांत शिवणकाम करणाऱ्या ताई आहेत, दूध घालणारे दादा आहेत, एक निवृत्त गुरुजी आहेत. जुन्या पुस्तकांची देवघेव त्यांनी एका ओट्यावर सुरू केली, आता दर जूनला तो ओटा पुरत नाही. जी मंडळी तेव्हा ‘रद्दीवाले’ म्हणून हसली, त्यांतलीच काही गेल्या वर्षी सहावीचे विज्ञान शोधत आली. पुस्तक दिलेच, टोमणाही मारला नाही. इथे तेवढा लिहून टाकला.

या रविवारी सकाळी नऊ ते बारा, करवंद नाक्याजवळ, पुस्तकांची देवघेव होईल. सक्तीच्या याद्या घेऊन याव्यात. शाळेला द्यायच्या पत्राचा मसुदा तयार आहे, त्यावर सह्या घेतल्या जातील. बोराडी, सांगवी, थाळनेर भागातल्या पालकांनी गावातून एक माणूस पाठवला तरी चालेल, त्याच्याजवळ गावासाठी कोरे मसुदे दिले जातील. येताना मुलाला आणि त्याचे भरलेले दप्तर सोबत आणावे. वजनकाटा गट आणणार आहे.