वरच्या दुधाची आई आणि तिचा पान्हा

बाळाला वरचं दूध द्यायचं ठरलं की घरात पावडरचा डबा येतो, बाटल्या येतात, त्या उकळायचं पातेलं वेगळं काढलं जातं. आईच्या छातीचं काय, हे मात्र कुणी विचारत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी भरते, ब्लाउज भिजतो, रात्री चादर भिजते. तोवर बहुतेकींना रुग्णालयातून सुट्टी मिळालेली असते. सुट्टीच्या कार्डावर टाके, लोहाच्या गोळ्या, बाळाच्या लसी असं सगळं लिहिलेलं असतं. या दुधाबद्दल सहसा एक ओळही नसते. ती असायला हवी.

अंगावरचं दूध बाळासाठी सर्वोत्तम, पहिले सहा महिने दुसरं काही नको, याबद्दल दुमत नाही. तरीही काही आयांना वरच्या दुधाचा आधार घ्यावाच लागतो. कुणाचे कर्करोगाचे उपचार चालू असतात. कुणाच्या बाळाला आईचं दूध पचूच शकत नाही असा गॅलॅक्टोसेमियासारखा दुर्मीळ आजार असतो. २०१७ च्या दुरुस्तीनं नोकरदार बाईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, पण नंदनवन किंवा वाठोड्यातून रोज धुण्याभांड्याला किंवा बांधकामावर जाणाऱ्या बाईपर्यंत ती पोचलेली नाही. आणि जिचं बाळच दगावलं, तिलाही पान्हा फुटतोच. त्या आईला तर बोलण्याची सोयही राहत नाही.

शरीराला आपला निर्णय कळत नाही. गरोदरपणातच दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं, वारेतून येणारी संप्रेरकं त्याला अडवून धरतात. प्रसूतीनंतर वार पडली की हा अडसर निघतो आणि दोन ते चार दिवसांत छाती भरते, बाळ पाजा अथवा न पाजा. पुढे ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. बाळाचं रडणं ऐकलं, नुसती त्याची आठवण आली, गरम पाण्यानं अंघोळ केली तरी धार लागते. शेजारच्या घरातलं बाळ रडलं तरी हे होऊ शकतं. यात लाजण्यासारखं काही नाही. छातीत दूध साठून राहिलं की तेच साठणं ग्रंथींना काम थांबवण्याचा निरोप देतं. त्यामुळे दूध न काढल्यास ठणका बहुधा आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. थोडं थोडं गळणं मात्र काही आठवडे चालू राहू शकतं.

या दिवसांत उपाय साधे आहेत. नीट बसणारी, आधार देणारी सुती ब्रा दिवसरात्र वापरावी. आत विकतचे पॅड ठेवा किंवा जुन्या मऊ सुती धोतराच्या, साडीच्या स्वच्छ घड्या, दोन्ही चालतात. प्लास्टिकचं अस्तर असलेले पॅड टाळावेत. ओली घडी लगेच बदलावी, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात घाम आणि दूध मिळून त्वचा सोलवटते आणि बुरशी धरते. चारचौघांत धार लागली तर दोन्ही हात छातीवर घट्ट आवळून मिनिटभर दाबून धरावं. ठणक्यासाठी गार पाण्यात पिळलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवावं आणि डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन घ्यावं. कोबीची गार पानं ठेवण्याचा उपाय जगभर केला जातो. त्याचा पुरावा तोकडा आहे, पण अपायही नाही. फारच ताण वाटला तर हातानं थोडंसं दूध काढावं, बरं वाटेपर्यंतच. छाती पूर्ण रिकामी केली की शरीर तेवढंच दूध पुन्हा बनवतं.

आता न करण्याच्या गोष्टी. ओढणीनं किंवा लुगड्याच्या पट्टीनं छाती करकचून बांधण्याचा सल्ला अजूनही घरोघरी दिला जातो. त्यानं दुखणं वाढतं, नळ्या दबून गाठी होतात. दूध आटावं म्हणून बाळंतिणीचं पाणी तोडणं तर क्रूरपणाच आहे. पाणी कमी प्यायल्यानं दूध आटत नाही, मे महिन्यात बाई मात्र आजारी पडते. अळिवाची खीर दूध वाढावं म्हणून दिली जाते, ती आता नको असेल तर देऊ नका. पण तिचं जेवण कमी करू नका. बाळंतपणाची झीज भरून यायचीच असते.

दूध बंद करायची गोळी द्या, अशी मागणीही होते. कॅबरगोलीन हे औषध आहे आणि ते पहिल्या दिवशीच, दूध उतरण्याआधी दिलं तर चांगलं काम करतं. पण रक्तदाब वाढलेला असेल, हृदयाच्या झडपांचा आजार असेल किंवा बाळंतपणात मनाचा गंभीर आजार झाला असेल तर ते देत नाहीत. ब्रोमोक्रिप्टीन पूर्वी यासाठी सर्रास वापरलं जाई. पक्षाघात, झटके, हृदयविकार अशा घटना नोंदल्या गेल्यावर अमेरिकेत १९९४ मध्ये या कारणासाठी त्याचा वापर थांबवण्यात आला. तेव्हा या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत.

थंडी वाजून ताप आला, छातीचा एक भाग लाल, गरम आणि कडक झाला, दोन दिवसांत गाठ विरली नाही, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं. वेळेवर उपचार न झाल्यास तिथे पू होतो आणि चिरा द्यावा लागतो. दुधातून रक्त येत राहिलं, किंवा पाजणं थांबवून सहा महिने उलटले तरी गळणं चालू असेल, तरी तपासणी हवी.

हे सगळं सांगताना एक गोष्ट उलटूनही पाहायला हवी. अनेक बाळांना वरचं दूध सुरू होतं ते “हिला दूधच नाही” या घरच्या निदानावर. ज्या आईचा ब्लाउज भिजतो, तिला दूध नाही हे कसं खरं मानायचं? गळणारं दूध ही पान्हा फुटत असल्याची खूणच आहे. अशा आईचं बाळ नीट धरलं जातं का, वारंवार पाजलं जातं का, हे आधी कुणी तरी बसून पाहावं. पहिल्या काही आठवड्यांत बाळ पुन्हा अंगावर घेणं बहुतेकींना जमतं. कामावर जाणारी आई दूध काढून ठेवू शकते, घरची माणसं ते वाटी-चमच्यानं पाजू शकतात. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, ती अशाच जास्तीच्या दुधावर अपुऱ्या दिवसांची बाळं जगावीत म्हणून. बाळ गमावलेल्या काही आया दूध दान करतात आणि त्यातून त्यांना धीर मिळतो. मात्र हा निर्णय तिचाच असावा, आग्रह कुणी करू नये.

डब्याच्या दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी घालणारा कायदा १९९२ मध्ये झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तो हवाच आहे. पण त्या धाकानं रुग्णालयं वरच्या दुधाच्या आईशी बोलायचंच टाळतात. कायदा तसं सांगत नाही. डब्याचं दूध कसं द्यायचं हे दाखवायचं काम त्यानं आरोग्य कर्मचाऱ्यांवरच सोपवलं आहे, चुकीच्या वापराचे धोके समजावण्याच्या अटीसह. त्याच वेळी तिच्या छातीबद्दल दोन वाक्यं बोलायला वेगळा निधी लागत नाही. सुट्टीच्या कार्डावर चार ओळी छापाव्यात, आशाताईंनी घरभेटीत बाळाचं वजन विचारताना आईला ठणका आहे का हेही विचारावं. एसटी स्थानकांवर हिरकणीच्या नावानं कक्ष आहेत. तिथे पाजणाऱ्या आईइतकाच हक्क भिजलेली घडी बदलायला आलेल्या आईचाही आहे.